राउटरची धूळ: एक एचपीचा कलेक्टर घेऊ की व्हॅक्युम?

पत्र: नमस्कार. घरातल्या एका लहान खोलीत माझं सुतारकाम चालतं, छंद म्हणून. पाव इंची कॉलेटचा (बिट म्हणजे फिरतं पातं धरायच्या पकडीचा) ट्रिमर, म्हणजे लाकडात खाचा आणि कडा मारायचा छोटा राउटर आहे आणि नुकताच एक मोठा अर्धा इंची राउटर घेतलाय, तो टेबलाखाली बसवायचाय. काम बहुतेक एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) आणि प्लायवर. धूळ मात्र अख्ख्या घरात जाते, बंद कपाटातल्या कपड्यांवरसुद्धा बसते, घरचे वैतागलेत. घरातलाच साधा व्हॅक्युम क्लीनर लावून पाहिला, थोड्याच वेळात ओढायचा बंद होतो. आता एक एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर घ्यावा म्हणतोय, १०० मिमीचा पाइप आहे, दिसायला दमदार वाटतो. मित्र म्हणतो वर्कशॉपचा व्हॅक्युम आणि त्याच्या आधी भुसा वेगळा पाडणारा सायक्लोन घे. दोन्ही ठेवायला जागा नाही. काय करू? आणि पाइपला तांब्याची तार गुंडाळली नाही तर स्फोट होतो म्हणतात, ते खरंय का? – धूळग्रस्त

धूळग्रस्त भाऊ, मित्राचं ऐका. तुमच्याकडे जी दोन मशिनं आहेत त्यांच्यासाठी व्हॅक्युम आणि सायक्लोन हेच घ्या, कलेक्टरचं पुढे कधीतरी बघू आणि बहुतेक तो लागणारही नाही. पण एवढंच सांगून थांबलो तर तुम्ही व्हॅक्युम आणाल, ट्रिमरला कशीतरी नळी चिकटवाल आणि महिन्याभराने परत लिहाल की धूळ आहे तशीच आहे, कारण अर्ध्याहून जास्त खेळ धूळ निघते तिथे तिला पकडायला काय लावलंय यावर असतो आणि लोक नेमकं तेच सोडून मोटरचे एचपी मोजत बसतात.

राउटर हे धुळीच्या बाबतीत फार वाह्यात मशीन आहे. करवत निदान एका बाजूला भुसा टाकते, हा सगळीकडे उधळतो. बिट मिनिटाला १०,००० पासून ३०,००० पर्यंत फेरे घेतं. साधा हिशोब करा, २५ मिमी व्यासाचं बिट २०,००० आरपीएमवर असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी ९० किमीच्या वर, आणि ढलप्या साधारण त्याच वेगाने सुटतात. आता दुसरी बाजू बघा. उघड्या पाइपच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो तो तोंडापासून एका व्यासाइतकं लांब गेलं की दहाव्या भागाच्याही खाली येतो. म्हणजे ३५ मिमीची नळी बिटपासून ३५ मिमी लांब धरली की तिचा जोर संपल्यात जमा. फुंकर लांबून लागते, ओढ लांबून लागत नाही. त्यामुळे नळी नुसती बिटच्या शेजारी टेकवून ठेवली तर व्हॅक्युम कितीही भारी असो, ताशी ९० ने सुटलेली ढलपी त्याला दाद देणार नाही. तिच्या वाटेत आडोसा पाहिजे, आणि नळी त्या आडोशाला पाहिजे.

इथे काम कुठलं चाललंय त्यावर सगळं ठरतं. खाच मारताय, डॅडो (फळीतली आडवी खाच) करताय, मॉर्टाइज (सांध्याचं भोक) काढताय, म्हणजे बिट लाकडाच्या पोटात आहे, चारी बाजूंनी लाकूड आहे आणि धुळीला वर येण्याशिवाय रस्ता नाही, तेव्हा बेसवरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरला नळी लावली की काम झालं, खाच जवळपास रिकामी दिसते. त्यातून अप-स्पायरल बिट असेल तर आणखी छान, कारण ते भुसा स्वतःच वर काढून देतं. डाउन-स्पायरल उलटं करतं, भुसा खाली दाबून खाचेत ठासून भरतं, पण प्लायचा वरचा व्हिनियर फाटत नाही म्हणून लोक तेच वापरतात, तुम्हीही वापरा, फक्त मग खाचेत भुसा राहिला म्हणून व्हॅक्युमला शिव्या देऊ नका.

कडेचं काम, म्हणजे राउंड ओव्हर (कड गोल करणं), चॅम्फर (कड तिरकी कापणं), लॅमिनेटची फ्लश ट्रिमिंग (बाहेर आलेली कड फळीबरोबर कापणं), ही खरी डोकेदुखी. अर्धा बेस फळीच्या बाहेर हवेत असतो, बिटची एक बाजू उघडी असते, भुसा बाहेर आणि खाली उडतो आणि वरच्या पोर्टच्या (नळी जोडायच्या तोंडाच्या) हाती फारसं काही लागत नाही. तुमच्या कपाटातल्या कपड्यांवर जी पूड बसते ती बहुतेक इथलीच, एमडीएफची कड गोल करतानाची. काही ट्रिमरसोबत कडेच्या कामासाठी वेगळं अटॅचमेंट येतं, ते बेसच्या खाली बाहेरच्या बाजूने लटकतं आणि उडणारा भुसा समोरून अडवतं, तुमच्या मॉडेलला मिळतंय का ते व्हॅक्युम शोधण्याच्या आधी शोधा. नसेल मिळत तर ॲक्रिलिकचा जरा लांबट बेस करून त्याच्या बाहेर येणाऱ्या भागाखाली एक छोटी पेटी लटकवता येते, बिटकडचं तोंड उघडं आणि मागे नळी. करताना प्लग काढलेला असू द्या आणि सगळ्यात मोठं बिट पूर्ण खाली घेऊन हाताने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना ते. खरं सांगायचं तर माझा कल असा की तुकडा हातात मावण्यासारखा असेल तर कडेचं काम टेबलावरच करावं. तिथे धूळ पकडणं सोपं जातं.

टेबलाचं आता बांधतानाच नीट करून घ्या, नंतर होत नाही. पोर्ट दोन लागतात. एक फेन्सच्या (तुकडा टेकवून सरकवायच्या उभ्या पट्टीच्या) मागे, बिटच्या बरोब्बर पाठीशी, कारण कड मारताना बिट अर्धं फेन्समध्ये बुडालेलं असतं आणि भुसा तिकडेच जातो. फेन्सच्या दोन पट्ट्या सरकत्या ठेवा आणि बिटपुरतीच फट सोडा, फट जितकी लहान तितका हवेचा वेग जास्त, आणि लहान तुकडा आत अडकायची भीतीही कमी. दुसरा पोर्ट टेबलाखाली, राउटरभोवती पेटी करून. फेन्सपासून लांब खाच मारताना फेन्सचा पोर्ट काहीच कामाचा नसतो, भुसा एकतर खाचेत राहतो नाहीतर इन्सर्टच्या (बिटभोवतीच्या चकतीच्या) भोकातून खाली पडतो.

या पेटीत एक गोची आहे. बहुतेक राउटर मोटर थंड ठेवायला हवा मोटरच्या मागच्या टोकाकडून आत घेतात आणि बिटकडे सोडतात. टेबलाखाली राउटर उलटा लटकतो, म्हणजे हवा घ्यायचं तोंड खाली, पेटीच्या आत. पेटीत भुसा साठू दिला तर राउटर तोच भुसा स्वतःच्या मोटरमधून ओढतो. आणि पेटी अगदी हवाबंद केली तर हवा हलतच नाही, मोटर तापते. म्हणून पेटीला ताजी हवा यायला मुद्दाम एक खिडकी ठेवा, पाइपच्या तोंडाएवढी किंवा थोडी मोठी, शक्यतो पोर्टच्या समोरच्या बाजूला, म्हणजे हवा राउटरवरून वाहत जाईल. तळ पोर्टकडे उतरता करा. एकच व्हॅक्युम असेल तर दोन्ही पोर्टना वाय जोड देऊन प्रत्येकावर सरकती झडप बसवा आणि एका वेळी एकच उघडा, दोन्ही उघडे ठेवले की दोन्हीकडे अर्धवट.

आता मशीन. डस्ट कलेक्टर खूप हवा हलवतो पण त्याच्यात दाब फार नसतो, पाण्याच्या स्तंभात मोजला तर साधारण २०० ते २५० मिमी. वर्कशॉपचा व्हॅक्युम हवा कमी हलवतो पण दाब २,००० मिमीच्या आसपास, काहींचा त्याहून जास्त, म्हणजे आठ-दहा पट. १०० मिमी पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३५ मिमीच्या नळीच्या आठपट असतं. तुमच्या ट्रिमरचा पोर्ट ३५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून बारीक असणार, आणि कलेक्टरला रिड्यूसर लावून तिथवर आणणं म्हणजे छताच्या पंख्याकडून सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून घेणं. बारीक नळीतून थोडीशी हवा येईलही, पण पुढे १०० मिमीच्या पाइपात शिरल्यावर तिचा वेग आठपट पडतो आणि भुसा तिथेच आडवा होतो. लाकडाचा भुसा पाइपातून वाहून न्यायला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो असा रूढ आडाखा आहे. ३५ मिमीच्या नळीत तो मिळवायला ४० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) पुरतात, ६४ मिमीला १३५ च्या आसपास लागतात, १०० मिमीला थेट ३३०. बरा व्हॅक्युम पहिल्या दोन्ही ठिकाणी जमवून घेतो, तिसऱ्या ठिकाणी नाही. म्हणून ट्रिमरला बारीक नळी, टेबलाला ६४ मिमीची, आणि १०० मिमीचा नाद सोडा.

कलेक्टर कधी घ्यायचा? थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) किंवा मोठा रंधा मशीन आणलात तर. त्याच्या ढलप्यांचा ढीग व्हॅक्युमला झेपत नाही. तोवर नको. शिवाय त्या पिशवीकडे नीट बघा, स्वस्तातल्या कलेक्टरची कापडी पिशवी ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असू शकते, त्याहून बारीक कण ती सोडते. आणि फुप्फुसात खोल जाणारी धूळ १० मायक्रॉनच्या खालची, जी डोळ्याला सुटी दिसतसुद्धा नाही. म्हणजे असा कलेक्टर जाड भुसा पोटात ठेवतो आणि सगळ्यात वाईट तेवढं चाळून परत खोलीभर पसरवतो, वर जमीन स्वच्छ दिसते म्हणून तुम्ही खूश. बंद खोलीत ही पूड तासन् तास तरंगते, दाराच्या फटीतून बाहेर जाते आणि तुमच्या कपाटापर्यंत पोचते ती अशी.

हे मी उगाच ताणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, लाकडाची धूळ १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग करते याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींमध्ये, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगासाठी. एमडीएफ बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिनने चिकटवलेलं असतं आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. त्या पुराव्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं दिवसभर धुळीत काम करणाऱ्या कामगारांचा आहे, सुट्टीच्या दिवशी दोन तास राउटर चालवणाऱ्याचा नाही, पण कामगार संध्याकाळी वर्कशॉप सोडून घरी जातो आणि तुमचं वर्कशॉप घरातच आहे.

तर फिल्टर. युरोपात अशा व्हॅक्युमचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत, एल जास्तीत जास्त १ टक्का धूळ सोडतो, एम ०.१ टक्का, एच ०.००५ टक्का. लाकडासाठी एम वर्ग बघा. एम वर्गाच्या मशीनमध्ये नळीतला वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की बझर वाजतो, वर सांगितलेला आकडा इथे परत भेटतो बघा. एम वर्गाचा नाही मिळाला किंवा झेपला नाही तर साधा वर्कशॉप व्हॅक्युम घेऊन त्यात खरा हेपा फिल्टर टाका, खरा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो असं स्पष्ट लिहिलेला, नुसतं 'हेपा टाइप' छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि फिल्टर बसतो तिथलं रबर सील नीट दाबून बसतंय का ते बघा, फिल्टर भारी आणि कडेने फट असं खूप वेळा असतं.

तुमचा घरचा व्हॅक्युम का दमला तेही यातच आलं. एमडीएफची पूड पिठासारखी बारीक, ती फिल्टरच्या घड्यांवर थर करून बसते आणि हवा जायला जागाच उरत नाही. नवीन व्हॅक्युमचंही तेच होईल, म्हणून सायक्लोन. तो व्हॅक्युमच्या आधी लावायचा, हवा आत गोल फिरते, जड भुसा कडेला जाऊन खालच्या डब्यात पडतो आणि फिल्टरपर्यंत अगदी बारीक पूड तेवढी जाते. ओढ थोडी कमी होते, चालतं, फिल्टर चोंदून जाते त्यापेक्षा खूपच कमी. डबा मात्र जाड भिंतीचा घ्या, पातळ बादली नळी चोंदली की दाबाने आत चेपते, आणि झाकण हवाबंद पाहिजे, खालून जरा जरी हवा शिरली तरी पडलेला भुसा परत वर उचलला जातो. डबा पाऊण भरला की ओता. व्हॅक्युमच्या आत फ्लीसची पिशवीही ठेवा, हेपा जास्त टिकतो. आणि तो हेपा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून साफ करू नका, त्याचा कागद फाटतो आणि फाटलेला दिसतही नाही.

ॲडाप्टर हा विषय काढल्याशिवाय राहवत नाही, कारण इथे भल्याभल्यांचं डोकं फिरतं. २७, ३२, ३५, ३६, ३८ अशी मापं बाजारात आहेत, एक कंपनी आतला व्यास सांगते, दुसरी बाहेरचा, आणि एकाच कंपनीच्या दोन टूल्सना वेगवेगळे पोर्ट असतात. छापील मापावर जाऊ नका. व्हर्नियरने पोर्टचा आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास मोजा, नळीच्या टोकाचेही दोन्ही मोजा, मग रबरी रिड्यूसर घ्या, रबर मिलिमीटरभर फरक सांभाळून घेतं. सगळ्या टूल्सना कायमचं एकच माप करून टाका, म्हणजे नळी काढ-घाल करायला टेप लागणार नाही, कारण जे लावायला कटकट असतं ते माणूस 'एकच तर कट आहे' म्हणून लावतच नाही.

नळी लागेल तेवढीच लांब ठेवा, आतून गुळगुळीत असेल तर उत्तम, आणि ट्रिमरची नळी वरून टांगा. जमिनीवरून ओढत नेलेली नळी कडेच्या कामात ट्रिमरला खेचते, बेस तिरका होतो आणि कड खराब होते. व्हॅक्युमला टूलसाठी सॉकेट असेल, राउटर सुरू केला की तो आपोआप सुरू होणारा, तर पैसे घालण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या सॉकेटवर किती वॅटची मर्यादा छापलीय ते वाचा. मोठा राउटर १,६०० वॅट आणि व्हॅक्युम १,२०० वॅट धरला तर २,८०० झाले, हे बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर टाकू नका. कानाला मफ लावाच, दोन्ही एकदम चालू असताना आवाज फार होतो.

सगळं बसवल्यावर तपासायचं कसं, तर खोली अंधारी करा, एक जोरदार टॉर्च बिटच्या पलीकडून तुमच्या दिशेला येईल अशी लावा, थेट डोळ्यात येऊ देऊ नका, आणि प्रत्येक प्रकारचा एक एक कट मारा. एरवी न दिसणारी पूड त्या झोतात धुरासारखी दिसते आणि ती नेमकी कुठून निसटतेय तेही कळतं. कारखान्यांत तपासणी करणारे हीच युक्ती वापरतात. बिटला धार नसेल तर ढलप्यांऐवजी पूड जास्त निघते, तेही इथे दिसेल. जिथून धूर दिसतो तिथे आडोसा वाढवा. कडेच्या कामात थोडं निसटणारच, तेवढ्यासाठी एन९५ किंवा एफएफपी२ मास्क घाला, काम संपल्यावर लगेच काढू नका, दाढी असेल तर तो कडेने गळतो हे लक्षात ठेवा. झाडू मारू नका, ब्लोअर तर नकोच, जमीन त्याच व्हॅक्युमने ओढून घ्या. छताला टांगायचा एअर क्लीनर हे सगळं झाल्यावर सुचलं तर, तो उरलेलं गाळतो, पण तुमच्या नाकासमोरून गेल्यानंतर.

राहिली तांब्याची तार. घरातल्या एका व्हॅक्युमच्या नळीत स्फोट होण्याइतकी धूळ हवेत एकवटत नाही, स्फोटाची खरी काळजी मोठ्या कारखान्यांच्या डक्टिंगला आणि सायलोंना असते. तुम्हाला जे होईल ते म्हणजे बोटाला चटका, हिवाळ्यात कोरड्या हवेत जास्त, आणि ऐन कटमध्ये हात दचकला तर ते काही बरं नाही. प्लास्टिकच्या पाइपवर बाहेरून तार गुंडाळून विशेष होत नाही, प्लास्टिकमधून वीज वाहत नाही त्यामुळे तार जिथे टेकते तिथलाच चार्ज जातो. त्याऐवजी अँटिस्टॅटिक नळी घ्या आणि तिची दोन्ही टोकंही त्याच प्रकारची, व्हॅक्युमच्या अर्थिंगला जोडली जाणारी असू द्या. आगीचा धोका वेगळ्या बाजूने येतो. जुन्या लाकडात खिळा राहिला, बिट त्यावर आपटलं, ठिणगी नळीतून डब्यात गेली आणि भुसा रात्रभर आतल्या आत धुमसत राहिला, असं होऊ शकतं. जुनं लाकूड वापरत असाल तर आधी चुंबक फिरवून बघा, या व्हॅक्युमला ग्राइंडर कधीही जोडू नका, आणि कट करताना जळका वास आला असेल किंवा बिट कशावर आपटल्याचं जाणवलं असेल तर त्या दिवशी डबा घरात भरलेला ठेवू नका, बाहेर नेऊन ओता.